हत्ती केवढा? जाहिरातीएवढा!

अमेरिकेत १८८०च्या दशकात दोऱ्याचे रीळ घेतले की दुकानदार गिऱ्हाईकाला एक रंगीत कार्ड फुकट देई. विलिमँटिक कंपनीच्या अशाच एका कार्डावर अगडबंब हत्ती दोऱ्याने ओढला जातो आहे. दोरा अर्थातच विलिमँटिकचा आणि हत्ती जंबो.

आफ्रिकेत पिल्लू असताना पकडलेला जंबो पॅरिसमार्गे १८६५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आला आणि पोरांना पाठीवर फिरवून सगळ्यांचा लाडका झाला. १८८२ मध्ये पी. टी. बार्नम या सर्कसवाल्याने त्याला दोन हजार पौंडांना विकत घेतले, तेव्हा ब्रिटनभर गहजब झाला. मुलांनी थेट राणी व्हिक्टोरियाला पत्रे धाडली. बार्नमची आयतीच जाहिरात झाली. एप्रिलमध्ये जंबो न्यूयॉर्कला उतरला आणि व्यापाऱ्यांनी त्याला आपापल्या मालाला जुंपले. कास्टोरिया या बालऔषधाच्या कार्डावर तर तो एका पिल्लाला औषध पाजताना दिसतो.

ही कार्डे शिळाछापाची. बव्हेरियातील चुनखडीच्या गुळगुळीत लादीवर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि लादी ओली करायची. शाई फक्त तेलकट भागालाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक जरी केसभर सरकला तरी हत्तीचे दोन हत्ती दिसायचे. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीही याच तंत्राने घरोघरी पोहोचल्या. अमेरिकी छापखाने कित्येक कार्डांवर एक कोपरा कोरा सोडत. त्यात स्थानिक दुकानदार आपले नाव छापून घेई. त्यामुळे तेच चित्र एका गावात चहा विके, तर दुसऱ्यात जोडे.

चित्रातल्या हत्तीचा खऱ्या हत्तीशी मेळ बसलाच पाहिजे, असे मात्र नव्हते. बार्नम जंबोची उंची तेरा फुटांच्या आसपास सांगे, पण कुणाला माप घेऊ देत नसे. प्रत्यक्षात तो अकरा फुटांच्या आतबाहेर असावा. पोस्टरवर माणसे बारकी काढली की हत्ती आपोआप वाढतो, हे सर्कशीच्या चित्रकारांना पक्के ठाऊक होते. जंबोचे सुळे घासून आखूड झालेले. काही चित्रकारांनी तेही लांबवून दिले.

आजचा जाणकार संग्राहक आधी भिंग काढतो. अस्सल शिळाछापात हाताने मारलेले वेडेवाकडे ठिपके दिसतात. नव्या नकलेत जाळीसारखी शिस्तबद्ध ओळ. मग तो कार्ड उलटतो. पाठीमागे खळीचे डाग असले तर ते कुणा मुलाच्या चिकटवहीतून उचकटलेले. या डागांनी किंमत उतरते. पण त्या वह्यांत डकवली गेली म्हणूनच ही कार्डे टिकली. पुढे मासिकांतल्या जाहिरातींनी त्यांचा धंदा बसवला.

जंबो १५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडात सेंट थॉमस येथे आगगाडीखाली सापडून मेला. बार्नमने कातडे आणि सांगाडा वेगवेगळे करून दोन्हींचे खेळ लावले. कातडे भरून केलेला हत्ती १९७५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या आगीत जळाला. सांगाडा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडे आहे. जंबोची उंची शोधणाऱ्याने त्या हाडांकडे जावे. गिऱ्हाईकाला तो केवढा हवा होता, त्याचा हिशेब मात्र या फुकट वाटलेल्या कार्डांवरच मिळतो.