खर्ज एकच, तारा दोन

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातली शेवटची तार, म्हणजे खर्जाची पितळी तार, साधारण ६९.३ हर्ट्झला लागते. बेस गिटारच्या ए तारेवर चौथा पडदा दाबून छेडलं तर नेमका तोच स्वर मिळतो, त्याच सप्तकात. पुण्यात या दोन वाद्यांची घरं एकमेकांपासून फार लांब नाहीत. सवाई गंधर्वांच्या स्मृतीत १९५३ साली सुरू झालेला महोत्सव दर डिसेंबरात भरतो. २०१० साली एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाची सुरुवातही इथेच झाली आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवणारी मुलं आता पेठांमधल्या घरांतूनही निघतात. एकाच घरात आजोबांचा तंबोरा आणि नातवाची बेस गिटार असणं आजकाल नवलाचं राहिलेलं नाही.

अशा घरात एक प्रश्न दोन्ही वाद्यांना लागू होतो: आवाज बसल्यासारखा वाटतोय, तारा बदलायच्या का? दोन्ही वाद्यांचं उत्तर मात्र वेगळं आहे. बेसची जुनी तार का मंदावते हे नीट समजायचं तर आधी तंबोरा समजून घेणं सोपं जातं, म्हणून हा लेख मधूनमधून तिकडे वळेल.

कुठलीही तार छेडली की ती एकाच तऱ्हेने हलत नाही. पूर्ण लांबीभर हलते, तशीच त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत हलत राहते. ६९.३ हर्ट्झच्या खर्जाबरोबर १३८.६, २०७.९, २७७.२ असे उपस्वर चढत जातात. पाचवा उपस्वर ३४६.५ हर्ट्झचा, आणि तो म्हणजेच तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार. गायक ज्याची वाट पाहतो तो गंधार कोणी लावलेला नसतो, खर्जाच्या पोटातून तो आपोआप निघतो. बेसच्या ए तारेवरही तो असतो. त्याच्या वर पंधरावा उपस्वर १,०४० हर्ट्झच्या आसपास, तिसावा २,०८० च्या आसपास. नव्या तारेवर या उंच उपस्वरांची चांगली गर्दी असते, आणि ज्याला बेसवाले ‘झिंग’, ‘पियानोसारखा आवाज’ किंवा नुसतं ‘ब्राइट’ म्हणतात ती ही गर्दीच.

आता तार हातात घेऊन पाहा. खर्जाची तार सहसा एकसंध, साधी. बेसची तशी नाही. आत पोलादाची षट्कोनी गाभा-तार आणि तिच्याभोवती निकेल चढवलेल्या पोलादाचं किंवा स्टेनलेस स्टीलचं दाट वेटोळं. ई तारेची जाडी बहुतेक संचांत सुमारे ०.१०५ इंच, म्हणजे अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त. घोडीपासून नटपर्यंतची लांबी मात्र ३४ इंचच, जेमतेम ८६ सेंटिमीटर. एवढ्या कमी लांबीत ४१.२ हर्ट्झचा ई काढायचा तर तारेला वजन हवं. तेवढी जाड एकसंध सळई वापरली तर ती इतकी ताठ होईल की वरचे उपस्वर जागेवरून चढे सरकतील आणि आवाज लोखंडी कांबीसारखा येईल. वेटोळ्यामुळे वजन वाढतं, ताठरपणा तेवढा वाढत नाही. ही युक्ती फार चांगली आहे. तारेचं म्हातारपणही तिच्यातूनच सुरू होतं.

प्रत्येक दोन वेढ्यांच्या मधे एक बारीक खाच असते. वाजवताना बोटांचा घाम, तेल, कातडीचे कण आणि पडद्यांवर घासून निघालेला धातूचा कीस या खाचांत साचतो. तार वाकते तेव्हा वेढे किंचित उघडतात आणि मिटतात, आणि प्रत्येक वेळी मधला मळ दाबला जातो. त्या दाबण्यात ऊर्जा खर्च होते. मूळ स्वरासाठी तार एकाच मोठ्या कमानीत, सेकंदाला सत्तरेक वेळा वाकते, त्यामुळे नुकसान किरकोळ. तिसाव्या उपस्वरासाठी तीच तार तीस छोट्या कमानींत, सेकंदाला दोन हजारांहून जास्त वेळा वाकते. मळ तिथे प्रत्येक वळणावर ब्रेक लावतो. म्हणून जुन्या तारेचा तळ जवळपास तसाच राहतो, गंधारही बऱ्यापैकी टिकतो, पण हजार हर्ट्झच्या वरचा भाग छेडल्यानंतर फार लवकर विझतो. जुन्या तारेत ‘बास जास्त’ असल्याचा भास होतो तो यामुळे. बास वाढलेला नसतो, त्याच्या वरचं सगळं गेलेलं असतं.

तंबोऱ्यात ही गोष्ट वेगळी चालते. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या रुंद, किंचित गोलाईच्या घोडीकडे लक्ष वेधलं. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडलं तिथे ज्या उपस्वराची तार स्थिर असायला हवी तो उपस्वर उमटत नाही. मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा गप्प. तंबोऱ्यात हे उपस्वरही जोरात ऐकू येतात. तार हलताना घोडीच्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि या टेकण्यातून खालच्या कंपनाची ऊर्जा सतत वरच्या उपस्वरांकडे वळत राहते. घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा धागा ती टेकण्याची जागा अचूक बसवतो. म्हणजे तंबोरा उंच स्वर छेडल्यानंतरही बनवत राहतो. बेस गिटारची घोडी अशी नाही. तिथे तार एका अरुंद खोबणीत बसते. बोटाने छेडताक्षणी जेवढे उंच उपस्वर मिळाले तेवढेच भांडवल, पुढे फक्त खर्च.

मला वाटतं सगळा फरक इथे आहे. तंबोरा बोलत नसेल तर आधी तार बदलून पाहावी आणि तरीही झंकार उघडत नसेल तर दोष तारेचा नसून घोडीचा असतो. वर्षानुवर्षं तार घासून घोडीवर बारीक चरे पडतात आणि मग घोडी पुन्हा घासून जवारी काढून घ्यायला कारागिराकडे जावं लागतं. पुण्याच्या गायकांचे तंबोरे यासाठी मिरजेला जात आले आहेत. तलवारी घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हा उद्योग उभा केला, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बेसवाल्याला मात्र असा कोणी कारागीर वाचवू शकत नाही. त्याच्या आवाजाची चमक मुख्यतः तारेवर अवलंबून असते.

आता प्रत्यक्ष तुलना. नवी तार लावली की कोणीही म्हणतं ‘वा!’, आणि या ‘वा!’ वर विसंबू नये. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, आणि चार तारा बदलायला अर्धा तास सहज जातो. म्हणून ध्वनिमुद्रण करायलाच हवं. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला जोडा. अँप्लिफायर मधे नको, कारण त्याची बटणं कोणीतरी फिरवतंच. टोन आणि व्हॉल्यूमचे खुंटे पूर्ण उघडे ठेवा. छेडण्याची जागा एकच ठेवा आणि तिथे पिकगार्डवर छोटी चिकटपट्टी लावा, कारण घोडीकडे दोन बोटं सरकलात तरी उंच उपस्वर वाढतात आणि जुनी तार उगीच तरुण वाटते. नखाने नको, बोटाच्या पेरानेच छेडा. प्रत्येक मोकळी तार पूर्ण विझेपर्यंत, मग ए तारेचा चौथा पडदा, मग नेहमीची एखादी ओळ.

हे जुन्या तारांवर करा, तारा बदला, नव्या तारा ताणून सुरात येऊ द्या आणि पुन्हा तेच करा. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे एका पातळीवर आणा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच निकाल बिघडतो, कारण कानाला थोडा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. शेवटी घरातल्या कोणाला तरी तुकडे उलटसुलट वाजवायला सांगा आणि तुम्ही पाठ करून ओळखा. छेडल्याच्या पहिल्या क्षणाचा आणि त्यानंतर दीड-दोन सेकंदांचा स्पेक्ट्रम काढलात तर नव्या तारेत उजवीकडे अजून शेंडे उभे दिसतात आणि जुन्या तारेत तो भाग सपाट झालेला असतो. सुरुवातीच्या क्षणापेक्षा हा दुसरा आलेखच जास्त सांगतो.

आणखी एक चाचणी फुकट आहे. दोन्ही मुद्रणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. त्या छोट्या स्पीकरमधून दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही उमटत नाही, तरीही ४१ हर्ट्झचा ई आपल्याला ‘ऐकू’ येतो. मेंदू वरच्या उपस्वरांतल्या समान अंतरावरून खालचा स्वर ओळखतो. जुन्या तारेत ते उपस्वरच लवकर विझतात, त्यामुळे मोबाइलवर बेस गायब होतो आणि खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर मात्र तोच घुमतो. बँडच्या तालमीचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकून ‘बेस वाजलाच नाही’ अशी तक्रार होते, तेव्हा वाजवणाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या तारांचं वय विचारावं.

एवढं ऐकून जुनी तार म्हणजे वाईट तार असा समज होईल. तो मला मान्य नाही. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन सपाट वेढ्यांच्या जाड तारा वापरायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही, हे बेसवाल्यांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. त्या गाण्यांतला गोल, जमिनीशी बोलणारा बेस त्याच तारांचा. दुसऱ्या टोकाला ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एंटविसल. त्याला चमक हवी होती, आणि १९६६ साली रोटोसाउंड कंपनीने त्याच्याबरोबर काम करून गोल वेढ्यांच्या बेस तारा घडवल्या. आज दुकानात मिळणारा बहुतेक माल त्याच घराण्यातला. स्लॅप वाजवायचं असेल, तीन जणांच्या बँडमध्ये जागा भरायची असेल, तर नवी तार हवी. कीबोर्ड, दोन गिटार आणि झांजांच्या गर्दीत मात्र नव्या तारेची किणकिण इतरांच्या वाटेत येते, आणि खोलीत एकट्याने ऐकताना फिकी वाटणारी जुनी तार तिथे नेमकी बसते. म्हणून एकट्या बेसच्या मुद्रणावरून अंतिम निर्णय घेऊ नये. तो बँडबरोबर ऐकून घ्यावा.

मंद होणं चालतं, पण बेसूर होणं चालत नाही. तार जिथे पडद्यांवर आपटते तिथे खालच्या बाजूने ठसे पडतात, मळही सगळीकडे सारखा साचत नाही, आणि तारेचं वजन लांबीभर असमान होतं. मग उपस्वर एकमेकांच्या पटीत राहत नाहीत. ओळखण्याची रीत सोपी: बाराव्या पडद्यावर नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर आणि तोच पडदा दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. घोडीचा स्क्रू फिरवूनही ते जुळत नसतील, किंवा आज जुळवले आणि चार दिवसांनी सुटले, तर तार संपली. तिला जेमरसनचं नाव देऊन आणखी वाजवू नये.

बेसचा चांगला संच स्वस्त नसतो, म्हणून विद्यार्थी तारा उकळतात. हा उपाय खोटा नाही. साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळली की खाचांतला तेलकट मळ सुटतो आणि चमक परतते, पण काही दिवसांपुरतीच. ठसे आणि गाभ्याचा थकवा उकळून जात नाही. पाण्याऐवजी स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं मला अधिक बरं वाटतं, कारण स्पिरिट उडून जातं आणि पाणी वेढ्यांच्या आत राहतं. जुलै-ऑगस्टच्या पुण्यात ते पाणी वाळेपर्यंत गाभ्याला गंज धरायला लागतो. उकळायचंच असेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, आणि आईच्या चहाच्या पातेल्यात नव्हे.

गंज आणि घाम दोन्हींसाठी वाजवण्याआधी हात धुणं आणि वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तार खालूनही पुसणं, एवढंच पुरतं. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाकावी. प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या तारा सुरुवातीला किंचित कमी चमकतात पण बऱ्याच जास्त टिकतात. ज्याच्या घामाने तार आठवडाभरात काळी पडते त्याने त्याच घ्याव्यात.

कार्यक्रमासाठी तारा बदलायच्या तर दोन दिवस आधी बदलाव्यात. त्यामुळे ताण बसतो आणि पहिल्या तासाचा टोचरा झणझणाटही ओसरतो. तार कापण्याआधी टोक काटकोनात वाकवा, नाहीतर वेटोळं आतून सैल होतं आणि कोरी तारही मुकी निघते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. चारही तारा एकत्रच बदला, कारण तीन जुन्यांमध्ये एक नवी तार बसवली की प्रत्येक ओळीत तीच पुढे येते. काढलेला संच टाकू नका. गुंडाळून, कुठल्या तारखेला काढला ते कागदावर लिहून बॅगेत ठेवा. मंचावर एखादी तार तुटली आणि बाकीच्या तीन जुन्या असल्या, तर त्यांच्या शेजारी ही जुनीच जास्त शोभेल.