थंड इंजिन बोलतं कसं? : रेल्वे संग्रहालयात कुटुंबासह जाताना

(उन्हाळी सुट्टीत नंदुरबार येथे पालक आणि मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पुढे सतरंजीवर बसलेल्या बाळगोपाळांना आधी नमस्कार, कारण आजचा विषय मुळात त्यांचा आहे. मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा बसलेत. आज अर्धं काम मी त्यांच्याकडूनच करून घेणार आहे.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन दिल्लीला चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय बघायला गेलो होतो. १ फेब्रुवारी १९७७ ला ते सुरू झालं. मोठं आवार, झाडांखाली उभी असलेली जुनी इंजिनं, मुलांसाठी छोटी गाडी. नातू त्या छोट्या गाडीत दोनदा बसला, चार फोटो झाले, आइस्क्रीम झालं आणि पाऊण तासात म्हणाला, "आजोबा, संपलं ना? चला." मी म्हटलं, अरे, इंजिनं बघितलीस का? तर म्हणे, "बघितली. सगळी काळी आहेत."

चूक त्याची नव्हती, माझी होती. इंजिन हे चालण्यासाठी केलेलं यंत्र. संग्रहालयात ते थंड उभं असतं. आग नाही, वाफ नाही, आवाज नाही. शेजारी पाटी असते, तिच्यावर वर्ष आणि वजन. आठ वर्षांच्या मुलाला त्यातून काय कळणार? त्याला कुणीतरी सांगावं लागतं. तेव्हा आज दोन गोष्टी बोलू. संग्रहालयात गेल्यावर मुलांना काय दाखवायचं, ही पहिली. आणि जे कुठल्याच संग्रहालयात नाही, त्याचं काय करायचं, ही दुसरी.

आधी इंजिन. बाळांनो, वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवर बसवलेली चूल आणि पाण्याचा हंडा. मागे चूल. तिच्यात फायरमन फावड्याने कोळसा टाकतो. चुलीतली गरम हवा पुढे जाते ती पुष्कळ नळ्यांमधून, आणि त्या नळ्यांच्या भोवती पाणी असतं. पाण्याची वाफ होते, वर साठते, दाबाखाली येते. चालकाने दांडा ओढला की ती वाफ पुढच्या सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला ढकलते. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दट्ट्याला जोडलेला लांब लोखंडी दांडा चाक फिरवतो. झालं, गाडी निघाली.

आता मला सांगा, इंजिन छुक छुक का करतं? (मुलांमधून : "धूर सोडतं म्हणून!") जवळ आलात. काम झालेली वाफ वाया घालवत नाहीत. ती एका निमुळत्या तोंडातून धुराड्यात वर सोडतात. ती जोरात वर जाताना चुलीतली हवा आपल्याबरोबर ओढून नेते, म्हणून आग आणखी पेटते. आपली आजी फुंकणीने चूल फुंकायची ना, तेच काम. गंमत अशी की चढ आला, इंजिनाला जास्त जोर लावावा लागला, की फुंकर आपोआप मोठी होते. नेहमीच्या इंजिनाला दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्टा जाऊन येतो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा छुक. पुढच्या वेळी इंजिनासमोर उभे राहाल तेव्हा हा दांडा, हा दट्टा आणि हे धुराडं बोटाने दाखवा. काळं इंजिन मुलाच्या डोक्यात चालू होतं.

दुसरं म्हणजे चाकं मोजायला लावा. पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी. ४-६-२ असं आलं तर ते बहुधा प्रवासी गाडीचं, मोठ्या चाकांचं, धावणारं. २-८-२ आलं तर ओढणारं. आपल्याकडच्या इंजिनांवर डब्ल्यूपी, डब्ल्यूजी अशी अक्षरं असतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे गुड्स, मालगाडी. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजी होतं, नाव 'देशबंधू'. स्वतंत्र देशाने या कारखान्यात आधी ओझं वाहणारं इंजिन बांधलं, हे मुलांना जरूर सांगा.

तिसरं, रुळांमधलं अंतर. खिशात टेप घेऊन जा. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि नॅरोगेज बहुतेक ठिकाणी ७६२. नॅरोगेज बघायचं तर दिल्ली कशाला? नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, डिसेंबर २००२ मध्ये उघडलेलं. आणि आपल्याला सोयीचं म्हणजे सुरतमार्गे वडोदरा. तिथे प्रतापनगरला रेल्वेचं वारसा उद्यान आहे. का आहे? कारण गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी नॅरोगेज टाकली, देशातली पहिली. आणि तिची गाडी ओढायला सुरुवातीला कोण होतं? बैल! इंजिनं नियमित धावू लागली ती १८७३ पासून. बैल जुंपलेली आगगाडी, हे ऐकल्यावर कुठलं पोरगं घरी चला म्हणेल?

याच गायकवाडांचा १८८६ चा सलून, म्हणजे राजाचा खास डबा, दिल्लीच्या संग्रहालयात आहे. प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा आहे. बघण्यासारखे आहेत, बघाच. पण बघून झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारा : बाळा, आपला पणजोबा कुठल्या डब्यात बसला असता?

इथून मी दुसऱ्या गोष्टीकडे येतो. आपल्या दारातून जी रेल्वे जाते तिचं नाव किती जणांना माहीत आहे? ताप्ती व्हॅली रेल्वे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने ती उभी राहिली. सुरतेकडून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत १९०० च्या सुमारास ती अमळनेरला पोहोचली. पुढचा जळगावपर्यंतचा तुकडा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. खानदेशचा कापूस बंदराकडे न्यायचा, हा हिशोब. पुढे आपली मिरचीही याच रुळांवरून गेली.

आणि माणसं गेली. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं आजही ऊसतोडीला बारडोलीकडे निघतात. कोणी ट्रकने, कोणी गाडीने. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, हातात कोंबडीची पाटी. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला, पण त्या लाकडी बाकांवर बसलेली माणसं या सभेत आहेत. राजाचा सलून जपून ठेवलाय, चांगलंच झालं. पण बोचक्याचा प्रवास कोण जपणार? त्याला काचेची पेटी नाही. तो फक्त आजीच्या तोंडी आहे.

आता नवापूर स्टेशनचं बघा. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा स्टेशन तिथे कधीचंच उभं होतं. सीमा आली ती थेट फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. एका बाकावर बसलात तर अर्धे या राज्यात, अर्धे त्या राज्यात. पाट्या मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजीत. हे संग्रहालयच आहे, फक्त तिथे अजून गाड्या थांबतात. पहिली सहल तिथे काढा. जायला-यायला पॅसेंजरचं तिकीट पुरेल.

आणखी एक वस्तू सांगतो, मग थांबतो. आता आपला मार्ग दुहेरी झाला, विजेवर चालतो. पण शंभराहून जास्त वर्षं तो एकेरी होता. एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या. मग टक्कर का होत नसे? एकेरी मार्गावर त्यासाठी टोकनची पद्धत असते. दोन स्टेशनांत एकेक यंत्र, तारेने जोडलेली. यंत्रात लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तराने तिकडून परवानगी दिली तरच इकडचा गोळा सुटतो. एक गोळा बाहेर आला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद, दुसरा गोळा कुठूनच निघत नाही. चालकाच्या हातात गोळा नसेल तर गाडी हलत नाही. न थांबणाऱ्या गाडीसाठी गोळा वेताच्या मोठ्या कडीला पिशवीत बांधायचे, पोर्टर फलाटावर ती कडी उंच धरून उभा राहायचा आणि धावत्या इंजिनातला माणूस तिच्यात हात घालून ती उचलायचा. रात्री, पावसात, धुरात. आमच्या गल्लीत एक आबा होते, वाफेच्या इंजिनावर फायरमन. त्यांच्या उजव्या दंडावर त्या कडीचे वळ होते. लहानपणी आम्हाला वाटायचं, मार खाल्लाय. कुणी विचारलंच नाही. आबा गेले, आणि किती पावसाळे, किती रात्री ते तसे उभे राहिले, ते त्यांच्याबरोबर गेलं.

ही रुखरुख मला अजून आहे. म्हणून सांगतो. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी देशात १९९५ च्या डिसेंबरात थांबली. त्यानंतर जन्मलेल्या कुणीही ती रोजच्या कामात पाहिलेली नाही. ज्यांनी इंजिनात कोळसा टाकला, कडी धरली, कंदील दाखवला, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. इंजिन अजून शंभर वर्षं उभं राहील, त्याला रंग लावता येतो. माणसाचं तसं नाही.

तेव्हा एक साधा कार्यक्रम करू. १६ एप्रिल हा बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावल्याचा दिवस, १८५३ चा. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. यातला कुठलाही दिवस धरा. शाळेचं आवार किंवा वाचनालय चालेल. प्रत्येक घराने एक वस्तू आणायची. जुनं पुठ्ठ्याचं तिकीट, कंदील, शिट्टी, पत्र्याची ट्रंक, ऊसतोडीचा कोयता, काहीही. वस्तू आणणाऱ्या मुलाने तिची गोष्ट घरच्या मोठ्या माणसाला विचारून यायचं आणि सांगायची. अहिराणीत सांगा, भिलोरीत सांगा, पावरीत सांगा. मोबाईलवर आवाज भरून ठेवा, नाव-गाव-वर्ष वहीत लिहा. मुलांसाठी टोकनचा खेळ : मैदानावर एक रेघ, दोन टोकांना दोन गट, चेंडू एकच. चेंडू हातात असेल तोच धावणार. पाच मिनिटांत सगळ्या रेल्वेची सुरक्षा कळते.

यानंतर दिल्लीला जा, नागपूरला जा, वडोदऱ्याला जा. तिथलं इंजिन तुमच्या मुलाशी नक्की बोलेल, कारण त्याची भाषा त्याला घरात कळलेली असेल.

मी बोलणं संपवतो. मागे बसलेल्यांपैकी ज्यांनी वाफेच्या गाडीने प्रवास केलाय त्यांनी हात वर करा. ... बघा, किती हात आहेत. बाळांनो, उठा. त्यातला एकेक हात धरा आणि विचारायला लागा.