ढालीखालची कीड

अ‍ॅव्होकॅडो हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. आपल्याकडे त्यास लोणीफळ म्हणतात व अलीकडे ते शहरांतल्या दुकानांत दिसू लागले आहे. या फळाच्या सालीवर कधी कधी मोहरीपेक्षाही लहान, करडे, गोल ठिपके आढळतात. डाग समजून आपण ते पुसू लागतो, पण ते पुसले जात नाहीत. नखाने खरवडल्यास मात्र टोपीसारखे निघून येतात आणि खाली एक पिवळसर, मऊ, बिनपायाचा जीव उघडा पडतो. हीच ढालधारी खवले कीड होय. अ‍ॅव्होकॅडोवर तिच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी लातानिया खवले कीड जगभर पसरलेली आहे. लातानिया नावाच्या ताडवर्गीय झाडावरून १८६९ साली सिन्योरे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले.

या किडीला आयुष्यात चालण्याची संधी एकदाच मिळते. आईच्या ढालीखालून बाहेर पडलेले पिल्लू काही तास, फार तर एक-दोन दिवस रांगते. वाऱ्याने, पक्ष्याच्या पायाला चिकटून किंवा मजुराच्या कपड्यांवरून ते दुसऱ्या झाडावर जाऊ शकते. जागा पसंत पडली की ते आपली सुईसारखी, शरीराहून कितीतरी लांब सोंड सालीत खुपसते. पहिली कात टाकताना मादीचे पाय गळून पडतात, ते कायमचेच. त्यानंतर मेणाचे धागे आणि टाकलेली कात यांची ढाल ती स्वतःवर रचत जाते. ही ढाल कासवाच्या पाठीप्रमाणे अंगाला जोडलेली नसते. ती डोक्यावरच्या छपरासारखी सुटी असते. फवारलेले औषध या छपरावरून ओघळून जाते व खालचा जीव सुरक्षित राहतो. म्हणूनच जाणकार शेतकरी फवारणीसाठी पिल्ले रांगू लागण्याची वेळ गाठतो.

मावा किंवा मऊ खवले कीड झाडाचा गोड रस पिऊन चिकट स्राव टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते. ढालधारी कीड रसवाहिनीऐवजी सालीखालच्या पेशी शोषते, त्यामुळे तिच्या झाडावर चिकटा नसतो. हा फरक पालकांपैकी ज्यांची ऊसशेती आहे त्यांना सहज पटेल. उसाच्या कांडीवर, पाचटाखाली जी करडी खपली बसते ती याच कुळातील कीड. ती बेण्यातून नव्या शेतात जाते, म्हणून बेणे निरोगी निवडा आणि वेळेवर पाचट काढा, असे सांगितले जाते.

अ‍ॅव्होकॅडोच्या बाबतीत बेण्याचे काम कलम करते. आज बाजारात सर्वाधिक चालणारे हास वाण कॅलिफोर्नियातील ला हाब्रा हाइट्स येथील एकाच झाडापासून पसरले. रुडॉल्फ हास यांनी १९३५ साली त्याचे पेटंट घेतले, आणि ते मूळ झाड २००२ साली मूळकुजीने गेले. एका झाडाच्या डोळ्यांवर अर्ध्या जगाच्या बागा उभ्या राहिल्या. डोळा जिथे जाईल तिथे त्यावर बसलेली कीडही जाऊ शकते.

फळांच्या व्यापाराने हा प्रश्न अधिक अवघड केला. बियांतील सोंडकिड्याच्या भीतीने अमेरिकेने १९१४ साली मेक्सिकोच्या अ‍ॅव्होकॅडोवर बंदी घातली. ती १९९७ साली ईशान्येकडील १९ राज्यांपुरती, तीही हिवाळ्यातच, सैल झाली. २००७ साली कॅलिफोर्नियाचीही दारे उघडली. लगोलग तिथे आलेल्या फळांवर जिवंत ढालधारी खवले आढळले आणि त्यांतील बहुतेक जाती कॅलिफोर्नियात नसलेल्या होत्या. केंद्रीय कृषी खात्याचे म्हणणे असे, की बिनपायाची मादी खाण्याच्या फळावरून झाडावर जाणार कशी? बागायतदारांचा प्रश्न असा, की टाकलेल्या सालीवर अंडी असतील आणि शेजारीच झाड असेल तर? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. परंतु धोका पत्करणारा एक आणि नफा घेणारा दुसरा असेल, तेव्हा पहिल्याचे ऐकून घेणे न्यायाचे ठरते.

औषधाच्या मर्यादा तर फार पूर्वीच उघड झाल्या होत्या. याच कुळातील सॅन होजे खवले कीड गंधक-चुन्याच्या द्रावणाला दाद देईनाशी झाली, हे ए. एल. मेलँडर यांनी १९१४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून नोंदवले. कीटकनाशकाला सरावलेल्या किडीची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. आपल्याकडे काश्मीर व हिमाचलच्या सफरचंद बागा याच किडीने आजवर त्रस्त आहेत.

या किडीचा खरा शत्रू एक मिलिमीटरभर लांबीची पिवळी माशी आहे. आफायटिस नावाची ही माशी ढालीखाली अंडे घालते आणि तिची अळी आतल्या किडीला शोषून खाते. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांवरील लाल खवल्यासाठी पॉल डीबॅक यांनी १९५६-५७ च्या सुमारास तिची एक जात भारत व पाकिस्तानातून नेली. आज तिकडे कीटकपालन केंद्रांत भोपळ्यांवर कण्हेरीवरील खवले वाढवून त्यांवर या माश्या पोसतात आणि बागांत सोडतात. आपल्या बांधावरून गेलेल्या या माशीचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

अंदाधुंद फवारणीत ढालीखालची कीड वाचते आणि उघड्यावर फिरणारी माशी मरते, मग काही महिन्यांत खवले पूर्वीपेक्षा जास्त होतात. धूळ आणि मुंग्या याही या माशीच्या कामात अडथळा आणतात. म्हणून तिकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या झाडांवरची धूळ पाण्याने धुतात, मुंग्यांची वाट अडवतात, दाट फांद्या विरळ करतात. फवारायचेच झाले तर हलके खनिज तेल वापरतात. ते ढालीखाली शिरून किडीचा श्वास कोंडते आणि वाळल्यावर माश्यांना फारशी इजा करत नाही. घराशेजारी हौसेने अ‍ॅव्होकॅडो लावणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी रोप घेताना खोडाच्या सालीवरून एकदा नख फिरवून पाहावे. करडी टोपी निघाली, तर ते रोप दुकानातच ठेवावे.