इम्प्लांटभोवतीची हिरडी

दाताचे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, निकामी का होते, असे विचारले की बहुतेक जण पहिल्या तीन-चार महिन्यांविषयीच बोलतात. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. ड्रिल करताना हाड तापले, बसवताना पकड ढिली राहिली, साखर ताब्यात नव्हती, विडी-तंबाखू सुटली नाही, तर हाड टायटॅनियमला धरत नाही. ४७ अंशांना मिनिटभर तापले तरी हाडाला इजा होते, हे स्वीडनमध्ये सशांवर झालेल्या प्रयोगांनी १९८३ मध्ये दाखवले. असे झाले की स्क्रू काढायचा, जागा खरवडायची, हाड भरले की पुन्हा बसवायचे.

माझा जीव अडकला आहे तो नंतरच्या वर्षांत. दंत-इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवली, तो २००६ मध्ये वारला तेव्हाही ती कामात होती. हाड धातूला धरून राहते, याबद्दल मग वाद उरत नाही. पण हिरडी? नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घुसलेले असतात. इम्प्लांटच्या बाजूने ते नुसते समांतर जातात, आत कुठेच शिरत नाहीत. जंतूंना तिथे अडवणारे फार थोडे असते. त्यात इम्प्लांटवरच्या दाताच्या कॅपखाली राहून गेलेले सिमेंट! हाड खाली खाली झिजत जाते आणि बहुधा दुखत नाही. स्क्रू हलू लागतो तोवर आधार संपलेला असतो.

म्हणूनच मी आयुष्यभर एकच हट्ट धरला: दर भेटीला हिरडी आणि इम्प्लांटच्या मध्ये प्रोब, म्हणजे मोजपट्टीची बारीक सळई, घालून खोली मोजा, आणि कॅप बसवली त्या दिवशीच्या एक्स-रेशी आजचा ताडून पाहा. प्रोबने हिरडीची पकड तुटते म्हणून इम्प्लांटला हात लावू नका, असे शिकवणारे आमच्या दंतवैद्यांतच होते आणि अजून आहेत. हलक्या हाताने मोजल्यावर ती पकड पाच दिवसांत पुन्हा जुळते, हे कुत्र्यांवरच्या प्रयोगात २००२ मध्येच दिसले. न मोजल्याने गेलेले हाड मात्र सहसा परत येत नाही.

नुसती हिरडी सुजून रक्त येत असेल, तर सफाईने आणि पेशंटच्या रोजच्या ब्रशने ती बरी होते. हाड झिजू लागले की हिरडी उघडून धातूचा पृष्ठभाग साफ करावा लागतो. खड्डा चहूबाजूंनी हाडाने वेढलेला असेल तर तो भरूनही पाहतात; सपाट झीज असेल तर भरण्याचा आग्रह धरू नये. हलणारे इम्प्लांट काढावेच लागते.

आता ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा पाट्या गावोगाव लागल्या आहेत. तपासणीला परत बोलावण्याचे नाव नाही. पेशंट दुसऱ्या गावाहून येतो, तेव्हा कंपनी कोणती, व्यास किती, लांबी किती, हातात कागदाचा कपटाही नसतो. कॅपचा छोटा स्क्रू सोडवणारा ड्रायव्हर अनेक कंपन्यांचा वेगळा. खणातले सगळे लावून पाहायचे, एकही बसत नाही. मग चांगली कॅप बरने कापून काढायची, आणि नव्या कॅपचा खर्च त्या पेशंटच्याच माथी.