सवलतीवर सोडलेले पाणी

नोव्हेंबर २०२४ मध्ये, बाप्तिस्मा झालेला असून चर्चला जात असतानाही अनुसूचित जातीचा दाखला मागणाऱ्या पुदुच्चेरीतील एका स्त्रीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, आणि तेव्हापासून ख्रिस्ती मनुष्य म्हणजे सवलतीसाठी धर्म लपविणारा, असा उथळ शेरा चंद्रपुरातील सुशिक्षितांच्या बैठकीतही मला ऐकावा लागतो. ज्यांनी त्या सवलतीवर जाणूनबुजून पाणी सोडले, त्यांचे स्मरण मात्र कोणासही होत नाही.

स्कॉटिश मिशन चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास आले, पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमाने ख्रिस्ती झालेले अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले, हे सारे मी भरभर ओलांडतो. मन रेंगाळते ते १९८२ नंतरच्या दशकात. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या थाटल्या गेल्या, शिपाई-कारकुनांच्या जागा निघाल्या, आणि अर्जातील धर्माचा रकाना आमच्या घराघरांची परीक्षा घेऊ लागला. धानाच्या दोन बांध्यांचा धनी असलेला एक म्हातारा मुलासह तहसील कचेरीच्या ओसरीवर उभा होता. कारकून भला होता, म्हणाला, “मामाजी, एवढा शब्द सोडून द्या ना जी, पोट्ट्याची जिंदगी बनून जाईल.” मुलाचा हात थबकला. म्हातारा म्हणाला, “लिही बापू. चर्चच्या वहीत एक अन् इथं दुसरं, असं कसं चालंल?”

मुलाने ‘ख्रिस्ती’ लिहिले, नोकरी हुकली. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, त्याची थोरवी महाराष्ट्र जाणतो. या म्हाताऱ्यापाशी सोडण्याजोगे होते ते मुलाचे भवितव्य, आणि तेच त्याने देवाच्या हवाली केले. ऐन रोवणीत पावसाने दगा दिला त्या वर्षी शेजारच्या बौद्ध वस्तीतून त्यांच्या घरी तांदूळ आला. मुलगा शिवणकाम शिकला आणि त्याच यंत्रावर बहिणींची लग्ने उरकली. देव विश्वासू आहे, हे मी त्या घराकडे पाहून म्हणतो.

१९९० मध्ये बौद्ध झालेल्यांना त्या यादीत स्थान देऊन न्याय मिळाला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आमच्या ज्या चंद्रपुरात दीक्षा दिली, तेथे तो आनंद आम्हीही मानला. परंतु आमच्याच मंडळीतील काही वडीलधाऱ्यांनी हक्कासाठी झगडण्याऐवजी मुलांना दोन नावे ठेवावयास शिकविले, एक चर्चसाठी, दुसरे शाळेसाठी. तो सल्ला मला आजही सलतो. धर्माची अट काढावी, ही रंगनाथ मिश्र आयोगाची २००७ ची शिफारस दप्तरी पडून राहिली, आणि आता प्रार्थनेला येणारी तरुण मुले दाखला जाईल या धास्तीने छायाचित्रही काढू देत नाहीत. त्यांना मी बोल लावीत नाही. त्या म्हाताऱ्याचा मुलगाही लावीत नाही. ती अट रद्द व्हावी म्हणून तो दर वर्षी कलेक्टर कचेरीत अर्ज देतो, आणि त्यावर स्वतःचे बाप्तिस्म्याचे नाव लिहितो.