खडा बसवण्याचे गणित

पुसदच्या सराफाकडची बारीक खड्यांची अंगठी हल्ली बहुधा आधी संगणकावर घडते आणि मग सोन्यात.

सपाट जागेवर सारखे गोल खडे मधाच्या पोळ्यासारखे मांडले, तर सुमारे 91 टक्के जागा भरते. त्याहून दाट मांडणी शक्यच नाही. अंगठी मात्र वक्र. तिथे ही मांडणी बिघडते: कुठे खडे एकमेकांवर चढतात, कुठे भोक राहते. (फुटबॉलला नुसते षट्कोन पुरत नाहीत, 12 पंचकोन घालावेच लागतात, अडचण तीच.) शिवाय फुगीर भागावर शेजारच्या खड्यांची खालची टोके आत एकमेकांकडे झुकतात. वरून सगळे ठीक, आत टक्कर.

म्हणून ‘राइनो’सारख्या सॉफ्टवेअरसाठीची साधने प्रत्येक खड्याखालच्या पृष्ठभागाची लंबदिशा काढतात, खडा त्या दिशेत उभा करतात आणि नेमून दिलेले अंतर मिळेपर्यंत सरकवतात. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते.

पुढे मेणाचा नमुना छापून ओतकाम होते. थंड होताना धातू आकसतो, पॉलिशमध्ये झिजतो. ती सूट आधीच धरली नाही, तर खडा घरात बसत नाही. जोर लावला की कडेची कपची उडते. हिरा कठीण असला तरी ठिसूळ आहे, पाचू तर त्याहून नाजूक. चूक पडद्यावरची, बोलणी खातो जडणारा कारागीर.