कुंपणाआतले दशक

मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावरल्या ‘काफे मारों’ या शुभ्रपुष्पी झुडपाच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानाकडे रवाना झाल्या त्यास चाळीस वर्षे होत आली, आणि त्या निमित्ताने क्यूच्या काचगृहाची जी स्तोत्रे नव्याने गाइली जात आहेत ती ऐकून, मॉरिशसच्या मराठी वस्तीत ज्याचा जन्म गेला अशा मला मौन पाळणे कठीण झाले आहे.

1874 साली शुक्राचे अधिक्रमण पाहावयास आलेल्या मंडळींबरोबर बाल्फोर नामक वनस्पतिशास्त्रज्ञ रॉड्रिग्जवर उतरला व त्याने बेटावरील वनस्पतींची दफ्तरी नोंद केली. पुढचे शतक म्हणजे जंगलतोड, बकऱ्या आणि परकीय झाडोरा यांचा कंटाळवाणा वृत्तांत असून, हे झुडूप निर्वंश झाले या विद्वानांच्या निवाड्यापाशी तो संपतो.

तो निवाडा 1980च्या सुमारास एका शाळकरी मुलाने रद्द केला. रेमंड आ-की या शिक्षकांनी स्थानिक वनस्पती शोधण्यास सांगितल्यावरून हेडली मनान याने आणलेली डहाळी त्याच झुडपाची ठरली, आणि तेथून ते दशक सुरू झाले ज्याचा सल मला अद्याप आहे. मद्याचा उतारा व गुप्तरोगावरील औषध म्हणून लोक फांद्या तोडू लागताच सरकारी बंदोबस्त आला. एक कुंपण अपुरे पडले म्हणून दुसरे उभारले गेले, आणि प्रत्येक कुंपणाने आतील वस्तूच्या मोलाची दवंडीच पिटली. राजधानी पोर्ट लुईत बसून रॉड्रिग्जवासीयांस लुटारू ठरविणाऱ्या माझ्या परिचयाच्या कारभारी मंडळींस मी तेव्हाही विचारीत असे की, पहारा बसविण्यापूर्वी त्या गावकऱ्यांशी चार शब्द कोणी बोलले होते काय? उत्तर कधी मिळाले नाही.

1986 साली गेलेल्या फांद्यांपैकी एक तगली, बहरली, परंतु वर्षानुवर्षे वांझ राहिली. 2003 साली क्यूचे उद्यानतज्ज्ञ कार्लोस माग्दालेना यांनी कुक्षीचे टोक छेदून तेथे पराग ठेवला आणि बीज धरले. त्यांच्या चिकाटीस माझे वंदन आहे. त्या बीजाची रोपे बेटावर परतली, पण त्यांचे सोबती परतले नाहीत: कोवळ्या रोपाची अरुंद, तपकिरी पाने ज्या महाकाय कासवांना चकविण्यासाठी घडली असे मानतात, ती कासवे तेथून कधीच नाहीशी झाली.

म्हणूनच माझी तक्रार अशी की, रॉड्रिग्जला 2002 साली स्वायत्तता लाभूनही या झुडपाची कथा लंडनपासूनच सांगितली जाते. काचगृहाने बीज दिले हे खरे. परंतु आ-कींच्या वर्गावाचून त्या काचगृहात लावावयास फांदी कोठून आली असती?